विंडोज बदलायच्या आधी कंप्युटरातली मराठी वाचवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरची बरीच वर्षांची वाचक, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय. तुम्हाला वाटेल हा काय पेपरात लिहायचा विषय आहे, कंप्युटरवाल्याला विचारा की. पण आमच्या वडगावात गेल्या ऑक्टोबरपासून ज्यांच्या ज्यांच्या घरी जुना कंप्युटर आहे त्यांच्याकडं हाच विषय चाललाय, कंप्युटर ज्याच्यावर चालतो ते विंडोज टेन बंद झालं म्हणे, आता काय करायचं, आणि जो तो आपल्या मनाचं सांगतोय. कोण म्हणतं नवीनच घ्या, कोण म्हणतं काय होत नाही तसंच वापरा, कोण म्हणतं आमच्या ओळखीचा पोरगा आहे तो तासाभरात पुढचं विंडोज इलेव्हन टाकून देतो. मी त्या शेवटच्या वाटेनं गेले आणि मामंजींचं अकरा वर्षांचं लिखाण जवळजवळ घालवून बसले. ते परत कसं मिळालं आणि त्यात काय काय कळलं ते बाकीच्यांना कळावं म्हणून लिहितेय, लांबलं तर कापा पण फॉन्टबद्दलचा भाग तेवढा ठेवा.

आमचे मामंजी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत मास्तर होते. रिटायर झाल्यावर गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडं बसून शब्द गोळा करायचा नाद लागला त्यांना, भाताच्या शेतातले शब्द, चिखलणी, लावणी, भांगलण, मळणीच्या वेळचं बोलणं, जात्यावरच्या ओव्या, आपल्या भागातली मराठी जी पुण्यामुंबईच्या पुस्तकात सापडत नाही ती सगळी. आधी वहीत लिहायचे, मग २०१३ ला मिस्टरांनी घरी कंप्युटर घेतला तेव्हा वयाच्या सत्तरीत टायपिंग शिकले आणि रोज सकाळी दोन तास बसायचे. वह्या निम्म्याअधिक एका पावसात माळ्यावर भिजून गेल्या. म्हणजे कंप्युटरात होतं तेवढंच उरलेलं. २०२४ मध्ये ते गेले.

तो कंप्युटर आला तेव्हा विंडोज सेव्हन होतं. पुढं २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं फुकट टेन दिलं तेव्हा टेन झालं, मामंजींचं काही अडलं नाही, त्यांचा फॉन्ट त्यांचा कीबोर्ड जसाच्या तसा चालू राहिला. त्यामुळं मला वाटलं आता इलेव्हन टाकायचं म्हणजे पण तसंच असणार. १४ ऑक्टोबर २०२५ ला टेनचा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, संपला ही बातमी आली, त्यानंतर आठवड्याभरात मी मशीन दुकानात नेऊन ठेवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, त्या पोराला पण मी नीट सांगितलं नव्हतं. तो म्हणाला वैनी तुमच्या फाईली आहेत त्या डी ड्राईव्हला हात लावत नाही, फक्त विंडोजचा सी पुसून फॉरमॅट करतो. मी बरं म्हटलं. संध्याकाळी घरी आणून फाईल उघडली तर पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची खूण, मराठीचं एक अक्षर नाही. दोनशेच्या वर फाईली, सगळ्या तशाच. साहेब, त्या रात्री मला झोप लागली नाही. मिस्टर मला काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता हे का झालं ते सांगते, कारण आपल्या भागात कितीतरी घरात, मंडळात, वाचनालयात, शाळांच्या ऑफिसात हीच गोष्ट दडलेली असणार. आधीच्या काळात मराठी टाईप करायला श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असले फॉन्ट वापरायचे, लग्नपत्रिका, अहवाल, ठराव सगळं त्यात. त्या जुन्या फॉन्टमध्ये आपल्याला पडद्यावर क दिसतो पण कंप्युटरच्या लेखी तिथं इंग्रजीतलं कुठलंतरी अक्षर किंवा चिन्ह असतं, फॉन्ट फक्त त्याच्यावर क चं चित्र चढवतो. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की चित्र गेलं आणि खालचं इंग्रजी उघडं पडलं. युनिकोड म्हणून जी नवी पद्धत आहे तिच्यात तसं नसतं, तिथं प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर आहे, आपल्या ळ ला पण आहे, त्यामुळं युनिकोडमधलं मराठी कुठल्याही मोबाईलवर कुठल्याही कंप्युटरवर मराठीच दिसतं. आणि हे जुने फॉन्ट विंडोजबरोबर येत नाहीत, आपण किंवा दुकानदारानं कधीतरी वेगळे टाकलेले असतात, ते सी ड्राईव्हमध्ये विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये बसतात. सी फॉरमॅट केला की तेच जातात. डी ड्राईव्ह सुखरूप असून माझं लिखाण गेल्यासारखं झालं ते यामुळं.

एका गोष्टीनं वाचले. वर्डमध्ये फाईल उघडल्यावर वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव तसंच दिसतं, फॉन्ट कंप्युटरात नसला तरी. ते नाव कागदावर लिहून घेतलं आणि ओळखीत फोन लावत बसले, शेवटी निपाणीला आमच्या चुलत दिरांकडं एका जुन्या पेन ड्राईव्हवर त्या फॉन्टची फाईल सापडली. ती टाकली आणि मामंजींची पहिली ओवी पडद्यावर उमटली तेव्हा मी देवासमोर साखर ठेवली.

पण फॉन्ट मिळाला म्हणून काम संपलं नाही. मामंजी ज्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप करायचे ते इलेव्हनवर बसेच ना. नंतर कळलं की विंडोजच्या ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन जाती असतात, आमचं टेन ३२ बिटचं होतं, ते सॉफ्टवेअर पण त्या काळचं, आणि इलेव्हन ३२ बिटमध्ये येतच नाही, फक्त ६४ बिट. जुना प्रिंटर पण बंद पडला, त्याचा ड्रायव्हर नाही म्हणे. वरून मशीन एवढं हळू झालं की चालू करून चहा टाकला तर चहा आधी व्हायचा. मुलगा सुट्टीला आला त्यानं बघितलं आणि सांगितलं, आई हे मशीन इलेव्हनसाठी पात्रच नाही, दुकानात तपासणी चुकवून बसवलंय. असं बसवता येतं खरं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही, म्हणजे ज्या कारणासाठी बदललं तेच हातात राहत नाही.

पात्र म्हणजे काय ते पण सांगते कारण इथं लोकांचे पैसे जातायत. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा एवढं तर बऱ्याच मशीनमध्ये असतं, अडतं ते प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाच्या सुरक्षेच्या चिपवर, शिवाय सिक्युअर बूट लागतं. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे. सेटिंगमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट उघडलं की प्रोसेसरचं नाव दिसतं, आय फाइव्ह लिहून पुढं ७२०० असेल तर सातवी पिढी, ८२५० असेल तर आठवी, १०२१० असं पाच आकडी असेल तर दहावी. आमचा आय थ्री तिसऱ्या पिढीचा, विषयच संपला. पण शेजारच्या काकूंचं बघा, त्यांच्या मशीनवर पण हे पात्र नाही असंच दिसत होतं, त्यांनी घाबरून हप्त्यावर नवीन लॅपटॉप घेतला, आणि महिन्याभरानं मुलानं बघितलं तर त्यांचा प्रोसेसर आठव्या पिढीचा होता, टीपीएम पण होतं, नुसतं बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बंद होतं. इंटेलच्या मशीनवर तिथं पीटीटी म्हणून लिहिलेलं असतं, एएमडीवर एफटीपीएम, ते चालू केलं की झालं. काकूंचा हप्ता अजून चालू आहे. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक म्हणून फुकट ॲप आहे, ते नेमकं कशामुळं अडलंय ते सांगतं. नवीन घ्यायच्या आधी एवढं तरी बघा ही माझी कळकळीची विनंती आहे.

काय होत नाही तसंच वापरा म्हणणाऱ्यांना पण मला सांगायचंय. कंप्युटर बंद पडत नाही हे खरं, १५ ऑक्टोबरला पण तो चालूच होता. पण नवीन सापडणारी भोकं बुजवली जात नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभर कंप्युटर बंद पाडून पैसे मागितले, त्याच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी अपडेट घेतला नव्हता त्यांना तो व्हायरस चावला. आणि हळूहळू बाकीचे पण साथ सोडतात, विंडोज सेव्हनचा सपोर्ट जानेवारी २०२० ला संपला, पुढं तीन वर्षांनी क्रोमनं पण सेव्हनसाठी नवीन आवृत्ती काढायचं थांबवलं. ज्याच्यावर बँकेचं काम करता, लाईट बिल भरता, पोरांचे फॉर्म भरता त्या मशीनवर हे चालवून घेऊ नका.

मग आम्ही काय केलं. घरात दोन मशीन. मुलाचा लॅपटॉप २०२० चा दहाव्या पिढीचा, तो पात्र होता, त्याच्यावर विंडोज अपडेटमधूनच इलेव्हन घेतलं, फुकट, फॉरमॅट न करता, सगळं जिथल्या तिथं राहिलं. पटलं नाही तर दहा दिवसांच्या आत परत टेनवर जाता येतं, सेटिंगमध्येच सोय आहे, पण ती सोय फॉरमॅट करून टाकलं तर मिळत नाही हे ध्यानात ठेवा. डाऊनलोड काही जीबीचं असतं, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करायला गेलात तर दिवसाचा डेटा मध्येच संपणार. आणि आता पावसाळा तोंडावर आलाय, वळवाचा एक पाऊस झाला की आपल्याकडं लाईटचा भरवसा नाही, खानापूरकडं तर विचारूच नका, तेव्हा डेस्कटॉपवर करणार असाल तर चांगला चालणारा यूपीएस असल्याशिवाय सुरुवात करू नका. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून चार्जर लावून बसा.

मामंजींच्या कंप्युटरवर दुसऱ्या एका माणसाकडून परत टेन टाकून घेतलं, आधी होतं तसलंच ३२ बिटचं. लायसन त्याच मशीनचं होतं म्हणून आपोआप ॲक्टिव्हेट झालं, पैसे पडले नाहीत. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे जलद डिस्क, बसवली, तेवढ्यानंच मशीन पळायला लागलं. मग त्याच्यावर ईएसयू घेतलं, म्हणजे टेनला एक वर्ष जादा सुरक्षेचे अपडेट. हे बऱ्याच लोकांना माहीतच नाही हो. घरगुती कंप्युटरसाठी ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, टेनची २२एच२ आवृत्ती लागते, सेटिंगमध्ये विंडोज अपडेट उघडलं की नाव नोंदवायची सोय दिसते. ३० डॉलर भरून पण मिळतं, पण मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत, आम्ही तसंच केलं. एकाच अकाउंटवर दहा मशीनपर्यंत चालतं. अजून कुणी घेतलं नसेल तर आता पण घेता येतं, थांबायचं कारण नाही.

अकाउंटवरून आठवलं, हे फार महत्त्वाचं आहे. नवीन मशीन किंवा नवीन इलेव्हन बसवताना होमच्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं, तेव्हा घाईत दुकानदार स्वतःचंच अकाउंट टाकून देतो आणि आपण पण बरं झालं म्हणतो. आताच्या इलेव्हनमध्ये बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, एन्क्रिप्शन म्हणतात त्याला, आणि त्याची किल्ली त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. उद्या मशीन अडलं आणि किल्ली मागितली तर ती दुकानदाराच्या अकाउंटात, आपल्या घरचे फोटो आणि कागद आत. तेव्हा स्वतःचं अकाउंट उघडा, पासवर्ड वहीत लिहा, रिकव्हरी की कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

आता मामंजींच्या लिखाणाचं. ते मी युनिकोडमध्ये आणायला घेतलंय. कन्व्हर्टर मिळतात, जुन्या फॉन्टमधला मजकूर टाकला की युनिकोड करून देतात, पण डोळे झाकून भरवसा ठेवू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप करायची, युनिकोडमध्ये अक्षराच्या नंतर येते, रफाराचं पण तसंच मागंपुढं, त्यामुळं जोडाक्षरात गोंधळ होतो. आणि आपला ऱ्य. मामंजींनी पश्चिमेकडच्या डोंगरातल्या जागांची नावं लिहिलेल्या फाईलीत दऱ्या होतं, कन्व्हर्ट झाल्यावर सगळीकडं दर्या. खानापूरच्या जंगलात समुद्र! असं एक एक अक्षर बघावं लागतं, मी आणि नणंदबाई जेवणं झाल्यावर बसतो, त्या जुनी प्रिंट वाचतात मी पडद्यावर बघते. काही शब्द आम्हा दोघींना पण माहीत नाहीत, मग गावाकडं फोन करून विचारतो. नणंदबाईंच्या सासूबाई नव्वदीच्या आहेत, त्यांना फोनवर ओवी वाचून दाखवली की त्या पुढची ओळ म्हणतात, आणि ती ओळ मामंजींच्या फाईलीत नसते. ती पण आम्ही आता लिहून घेतो.

युनिकोड झाल्यावर पहिल्यांदा एक गोष्ट करता आली जी मामंजींना कधीच जमली नव्हती, शोधणं. भांगलण टाईप केलं की भांगलणीच्या सगळ्या ओव्या समोर. त्यांना एक शब्द शोधायला वीस फाईली उघडाव्या लागायच्या. टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर पण नको, २०१९ पासून टेनमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, इंग्रजी अक्षरात लिहिलं की मराठी उमटतं, कन्नडचा पण आहे, विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबला की एकातून दुसऱ्यात. आपल्याकडं ऑफिसातला अर्ज कन्नडमध्ये द्यावा लागतो, तो पण मी आता घरीच टाईप करते.

ते जादा वर्ष ऑक्टोबरमध्ये संपलं की मामंजींच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकायचं ठरवलंय. ते फुकट आहे, जुन्या मशीनवर चालतं, आत्ताची २२ ची आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे, मराठी कन्नड दोन्ही टाईप होतं, लिब्रे ऑफिसमध्ये वर्डच्या फाईली उघडतात. मुलानं पेन ड्राईव्हवरून न बसवता नुसतं चालवून दाखवलं, तसं आधी बघता येतं. ज्यांच्या घरी टॅलीवर हिशोब आहेत किंवा डिजिटल सहीचं काम आहे त्यांनी लिनक्सच्या वाटेला जायच्या आधी नीट चौकशी करावी, पण ज्यांना टायपिंग, इंटरनेट आणि व्हिडिओ एवढंच लागतं त्यांनी नवीन मशीनला पैसे घालायची गरज मला तरी दिसत नाही.

संपादक साहेब, माझी मागणी दोन गोष्टींची आहे. एक, जादा वर्षाची ती तारीख, १३ ऑक्टोबर, तुमच्या पेपरात ठळक छापा, परत परत छापा. दुसरी, आपल्या सीमाभागातल्या मराठी शाळा, वाचनालयं, महिला मंडळं, भजनी मंडळं यांच्याकडं जुन्या फॉन्टमधले अहवाल, इतिवृत्तं, स्मरणिका कंप्युटरात पडून असतील, त्यांना तुमच्या पेपरातून सांगा की मशीन दुकानात न्यायच्या आधी फॉन्ट्सचं ते फोल्डर पेन ड्राईव्हवर उतरवून घ्या, फाईलींची एक कॉपी वेगळी काढा, आणि मगच कुणालाही हात लावू द्या. पंधरा मिनिटांचं काम आहे. आपल्या भागात मराठी लिहून ठेवणारी माणसं आधीच थोडी, त्यातली बरीचशी आता नाहीत, त्यांनी लिहिलेलं एका फॉरमॅटमध्ये जाऊ नये.

मामंजींच्या दोनशेतल्या सदुसष्ट फाईली आजवर झाल्या. लावणीच्या ओव्या पूर्ण झाल्यात, आता जात्यावरच्या घेतल्यात.

आपली नम्र,
एक वाचक गृहिणी
वडगाव, बेळगाव
(नाव छापू नये ही विनंती)